वसतिगृहात मोठ्या मुलांच्या हाती किती अधिकार द्यावा?

प्रश्न : वाळपईचा वाचक

नमस्कार. सत्तरी तालुक्यात आमच्या परिचयातील एक न्यास मदरशाला लागून मुलग्यांसाठी लहानसे वसतिगृह सुरू करण्याच्या विचारात आहे. मुले दिवसा गावातल्या नेहमीच्या शाळेत जातील आणि पहाटे व मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) दीनी म्हणजे धार्मिक शिक्षण घेतील. आराखड्याचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून ‘नेतृत्व आणि चारित्र्य’ या शीर्षकाखाली काय लिहावे, येथे माझे घोडे अडले आहे. बहुतेक विश्वस्तांना दर आठवड्याला बाहेरच्या वक्त्याचे व्याख्यान ठेवले म्हणजे पुरे असे वाटते. मला ते पटत नाही. इंडोनेशियातील पेसांत्रेन नावाच्या निवासी इस्लामी शाळांत दैनंदिन कारभाराचा मोठा भाग विद्यार्थीच पाहतात, असे वाचनात आले. तो कारभार प्रत्यक्षात कसा चालतो आणि मोठ्या मुलांना लहानांवर अधिकार दिल्यास दादागिरी कशी रोखायची, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर १ : मडगावचा अभ्यासक

पेसांत्रेन ही एकच एक पद्धत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. जुन्या धाटणीच्या संस्था ‘कियाई’ म्हणजे प्रमुख गुरू आणि त्यांचे घराणे यांच्याभोवती उभ्या असतात. पूर्व जावातील जोंबांग येथे हाशिम अश्आरी यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेले तेबुइरेंग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचे पुत्र वाहिद हाशिम देशाचे धर्मव्यवहार मंत्री झाले आणि नातू अब्दुर्रहमान वाहिद १९९९ ते २००१ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. तेथील पारंपरिक अध्यापनात विद्यार्थी एकेकटा गुरूपुढे बसून अरबी ग्रंथ वाचतो आणि गुरू जागच्या जागी चूक दुरुस्त करतात. चारित्र्यासाठी वेगळा तास नसतो. गुरूचे राहणे, नमाज, पाहुण्यांशी वागणे हे सगळे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते, आणि तोच धडा मानला जातो.

आपण वाचलेले वर्णन बहुधा दुसऱ्या धाटणीचे असावे. पूर्व जावातच पोनोरोगो शहराजवळील गोंतोर येथील ‘पोंदोक मॉडर्न दारुस्सलाम’ ही संस्था अहमद सहल, झैनुद्दीन फन्नानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी १९२६ मध्ये सुरू केली. १९३६ पासून तेथे शिक्षक घडवणारा सहा वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. निष्काम वृत्ती, साधेपणा, स्वावलंबन, बंधुभाव आणि स्वातंत्र्य ही पाच तत्त्वे संस्थेने स्वीकारली आहेत. वरच्या वर्गांतील मुले विद्यार्थी संघटनेमार्फत खोल्यांची देखरेख, सहकारी भांडार, खेळ आणि भाषेची शिस्त सांभाळतात. दैनंदिन बोलणे अरबी किंवा इंग्रजीत व्हावे असा दंडक आहे. प्रत्येकाला नियमितपणे सभेपुढे उभे राहून भाषण करावे लागते. शेवटच्या वर्षी विद्यार्थी खालच्या वर्गाला खराखुरा पाठ शिकवतो, त्याचे सोबती मागे बसून त्याची प्रत्येक चूक वहीत टिपतात, आणि पाठ संपल्यावर त्या चुका त्याच्यासमोर वाचून त्यांवर चर्चा होते. उत्तीर्ण झाल्यावर एक वर्ष सेवा म्हणून शिकवावे लागते.

मला स्वतःला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती गोंतोरमधील १९५८ ची घटना. त्या वर्षी तिन्ही संस्थापकांनी संस्था आणि तिची मालमत्ता वक्फ करून टाकली, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची दान केली, आणि ती माजी विद्यार्थ्यांमधून निवडलेल्या मंडळाच्या स्वाधीन केली. वारसांचा मालकी हक्क तेथेच संपला. आपल्या गोव्यात देवस्थानाचे महाजनपण (कारभाराचा हक्क) पिढ्यान्‌पिढ्या वंशाने चालत येते, त्यामुळे असा निर्णय घरच्यांच्या गळी उतरवणे किती कठीण असते, हे येथे कोणाला सांगायला नको. पद ही आपली मिळकत नव्हे, हे मुलांनी शिकावे असे वाटत असेल, तर आपल्या न्यासाच्या घटनेत विश्वस्तांची मुदत किती ठेवली आहे, ते आधी पाहावे.

उत्तर २ : निवृत्त गृहप्रमुख

वरील माहिती उत्तम आहे, परंतु तिची दुसरी बाजू न सांगणे योग्य होणार नाही. याच गोंतोरमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये वरिष्ठ विद्यार्थ्यांनी केलेल्या मारहाणीत एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेला नंतर मारहाण झाल्याचे मान्य करून माफी मागावी लागली. पाच तत्त्वे, भाषणे, सेवा हे सगळे असूनही तसे घडले, याचा अर्थ दोष तत्त्वांत नसून शिक्षा करण्याची मुभा कोणाच्या हाती पडते, यात होता, असे माझे मत आहे.

मी आयुष्यातील बराच काळ नवोदय विद्यालयांच्या वसतिगृहांत काढला. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी सदने आणि त्यांचे कप्तान ही व्यवस्था वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. माझ्या अनुभवात सदनाच्या कप्तानापेक्षा मेस समितीतला मुलगा अधिक घडतो. सकाळी भाजीचा टेंपो आला की तो वजनकाट्यापाशी उभा राहतो, कांद्याचे पोते उघडून खालचा माल पाहतो, वजन वहीत लिहितो आणि मगच पावतीवर सही करतो. माल कमी भरला तर त्याला आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला ते नम्रपणे सांगावे लागते, आणि दुपारी आमटी पातळ झाली की बाकीची मुले त्याला जाब विचारतात. कप्तानाला जाब विचारणारा कोणी नसतो, आणि तेथेच सगळे बिघडते.

म्हणून मुलांना काम, हिशेब आणि त्याचे उत्तरदायित्व द्यावे; शिक्षा, झडती आणि रात्रीच्या खोल्यांचा ताबा कदापि देऊ नये. गोवा बाल कायदा, २००३ ने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातलेली आहे. वसतिगृह मदरशाचे आहे की आणखी कोणाचे, याने त्यात फरक पडेल अशा भ्रमात विश्वस्तांनी राहू नये.

उत्तर ३ : फोंड्याचा हाफिज

अस्सलामु अलैकुम. दोन्ही सरांचे म्हणणे मान्य आहे, तरीही उदाहरणासाठी जावापर्यंत जाण्याची फारशी गरज नव्हती, असे नम्रपणे सुचवतो. १८६६ मध्ये देवबंदचे दारुल उलूम सुरू झाले, तेव्हा मौलाना कासिम नानौतवी यांनी आठ नियम लिहून ठेवले. देणगी सामान्य लोकांकडून थोडी थोडी घ्यावी, सरकार आणि धनिक यांच्यावर विसंबू नये, हा भाग सर्वांना माहीत असतो. परंतु त्यांत सल्लामसलतीविषयीही स्पष्ट लिहिले आहे : सल्लागारांनी आपल्याच मताचा हट्ट धरू नये आणि मोहतमिमांनी म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी महत्त्वाच्या बाबतीत सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नेतृत्वाचे शिक्षण यापेक्षा वेगळे काय असते?

मी स्वतः निवासी मदरशात वाढलो. उस्तादांचा अदब हा तेथील शिक्षणाचा पाया आहे आणि तो ढळू नये असेच मला वाटते. मात्र अदबीच्या नावाखाली तक्रार दडपली जाते, हेही मी पाहिले आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती तक्रारीचा कागद पडत असेल, तर मूल गप्प बसायला शिकते आणि ते गप्प बसणेच पुढे त्याचे चारित्र्य म्हणून वाखाणले जाते. आपल्या आराखड्यात या एका गोष्टीसाठी स्वतंत्र परिच्छेद असावा, अशी विनंती आहे.

वाळपईचा वाचक

तिघांचेही मनापासून आभार. व्याख्यानांऐवजी मेस, भांडार, वाचनालय आणि बाग यांचे काम मुलांच्या समित्यांकडे द्यावे आणि दर आठवड्याला मुलांनीच मराठी, उर्दू किंवा कोंकणीतून बोलावे, असे आता मसुद्यात लिहितो. तक्रार ऐकण्यासाठी कोणाला नेमावे, हा पेच मात्र उरतो. गाव लहान असल्याने प्रत्येक विश्वस्ताचे कोणी ना कोणी नातेवाईक तेथे असणारच.

निवृत्त गृहप्रमुख

विश्वस्त नसलेल्या दोन व्यक्ती नेमाव्यात, त्यांपैकी एक महिला असावी, आणि शक्य झाल्यास एक तालुक्याबाहेरची असावी. त्यांनी महिन्यातून एकदा येऊन मुलांबरोबर जेवावे आणि त्या वेळी कर्मचारी व कप्तान यांपैकी कोणीही तेथे थांबू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लावावा आणि मुलांना कोणाची परवानगी न घेता वापरता येईल असा दूरध्वनी त्याच भिंतीपाशी ठेवावा. मेसच्या वहीचे पान दर आठवड्याला फलकावर लावायलाही विसरू नये. विश्वस्तांच्या खर्चाचे पान शेजारीच लावलेत तर मुलांना हिशेब शिकवण्याचे निम्मे काम हलके होईल.