गावोगावची संमेलनं बंद करायची म्हणे!

पाणंद

परवा 'सडेतोड' यांनी इथं लिहिलं, की तालुक्याला आणि आता तर गावागावात भरणारी साहित्य संमेलनं बंद करावीत, तिथं "कवीच कवींना ऐकवतात", तो पैसा वाचनालयांना द्यावा. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथंच उत्तर देणार होतो, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्या गावात आम्ही आठ-दहा जण मिळून गेली सहा वर्षं एक दिवसाचं संमेलन घेतो. सरकारचा एक पैसा नाही. मांडव पतसंस्थेकडून, जेवण एका गुऱ्हाळवाल्याकडून, माईक दत्तमंदिराचा. म्हणजे 'तो पैसा' वाचनालयाला द्या म्हणताना आधी 'तो पैसा' कुठला ते तरी विचारा. अखिल भारतीय साहित्य संमेलनाला सरकार कोटींनी देतं, त्याच्याशी भांडायचं तर मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

आता कवींनीच कवींना ऐकवण्याबद्दल. भजनी मंडळात काय होतं हो? टाळकरीच टाळकऱ्याला ऐकवतो. कुणी म्हणतं का, श्रोते नाहीत, टाळ वाजवणं बंद करा?

तिसऱ्या वर्षी खुल्या कविसंमेलनात एक बाई आल्या. भांगलणीला जाणाऱ्या. मुलीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेलं. माईक हातात घेतला तर पाच मिनिटं नुसता श्वासच ऐकू येत होता. मग म्हटलं त्यांनी. चांगलं होतं का? दोन ओळी चांगल्या होत्या. पण त्या बाई वाचनालयाची पायरी चढल्या नसत्या, तिथं पोरं पेपर वाचत बसतात म्हणून.

औदुंबरला १९३९ पासून संक्रांतीला संमेलन भरतं. कवी सुधांशूंनी गावातल्या मित्रांबरोबर सुरू केलेलं. कृष्णेच्या काठी, लोक घरची भाकरी बांधून येतात. तेही बंद करायचं का?

सडेतोड

औदुंबर मध्ये आणणार हे ठाऊकच होतं. औदुंबरचं नाव सांगून बाकीच्यांनी किती दिवस जेवायचं?

मी कोण ते सांगतो म्हणजे राग कुठून येतो ते कळेल. मी 'ड' वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. माझा पगार इथं लिहिला तर तुम्हाला टंकनदोष वाटेल. २०१२ पासून कितीतरी वर्षं वर्गवाढच बंद होती, म्हणजे कितीही राबा, ड ते डच. २०२२ ला अनुदान साठ टक्के वाढलं म्हणून पेढे वाटले लोकांनी, पण कशाच्या साठ टक्के ते बघा.

तर दोन वर्षांपूर्वी आमच्याच सभागृहात संमेलन झालं. चार कपाटं भिंतीला सरकवली, त्यात एकाची काच गेली. भरपाई अजून 'पुढच्या बैठकीत'. नोंदणी वहीत १४० सह्या. ग्रंथदिंडी निघाली, पालखीत ठेवायला पुस्तकं माझ्याकडूनच नेली, त्यातली दोन परत आली नाहीत. आणि त्या १४० साहित्यप्रेमींपैकी वाचनालयाचा वर्गणीदार झाला एक. आचारी.

एक_वाचक_फक्त

सडेतोड, आचारी 😂

मी फक्त वाचतो. काही लिहीत नाही, लिहायचंही नाही. जवळच्या एका संमेलनाला गेलो तर नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, "सर, साहित्य प्रकार?" म्हटलं, नाही, मी ऐकायला आलोय. तो गोंधळला. वहीत रकाना होता: कविता, कथा, गझल, चारोळी. शेवटी त्यानं 'इतर' लिहिलं. दिवसभर तीन जणांनी स्वतःचा संग्रह भेट दिला, सहीसकट. नको म्हणता येत नाही. विकत घ्यायला स्टॉल एकच, त्यावर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं.

तिखटमीठ

संमेलनं राहू द्या. फक्त सूत्रसंचालक बंद करा.

कवीला तीन मिनिटं, आणि दोन कवींच्या मध्ये याची पाच. आधी एक शेर (चुकीच्या माणसाच्या नावावर), मग एक चारोळी (स्वतःची), मग "आपल्यासमोर येत आहेत शब्दांचे जादूगार". अठ्ठावीस कवी, अठ्ठावीस जादूगार. मी घड्याळ लावून मोजलंय.

पेठेतला

मूळ प्रश्न दर्जाचा आहे आणि तो कुणी बोलत नाही. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथनाला जात तेव्हा लोक बैलगाड्या जोडून येत. कारण ऐकण्यासारखं काहीतरी असे. आज व्यासपीठावरच्या अकरांपैकी नऊ जणांनी गेल्या वर्षभरात एक पुस्तक विकत घेतलेलं नसतं. इकडे पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथली गर्दी बघा.

पाणंद

पेठेतला, ती गर्दी मी बघितली आहे. पुस्तकांच्या रांगेपेक्षा वडापावची रांग लांब होती. चालायचंच, आमच्याकडंही मसालेभाताला लांब असते. पण माडगूळकर कुठले होते? माडगुळ्याचे. आमच्याच जिल्ह्यातले. माणूस गावातून उठतो तेव्हा आधी गावाला ऐकवतो, मग तुम्हाला.

बाणेदार

१८७८ ला रानडे-लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली तेव्हापासून हेच चाललंय: दर्जा कुणी ठरवायचा. १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी का नाकारलं ते पत्र पेठेतला यांनी एकदा वाचावं. १९९९ ला धारावीत अखिल भारतीयला पर्याय म्हणून विद्रोही संमेलन भरलं तेही उगाच नाही. गावातली संमेलनं ही त्याच वाटेवरची आहेत.

तिखटमीठ

बाणेदार, पत्र मान्य. पण आमच्या तालुक्यातल्या संमेलनाचा स्वागताध्यक्ष कारखान्याचा संचालक, उद्घाटक त्याचा मेहुणा आणि ठरावांमध्ये तिसरा ठराव कारखान्याच्या अभिनंदनाचा. ही कुठल्या वाटेवरची?

निवेदक_१८

गेली अठरा वर्षं मी सूत्रसंचालन करतो. मोफत. हौसेनं. तिखटमीठ यांनी घड्याळ लावून मोजलं, फार छान. आता हेही मोजा: दहाचं उद्घाटन, पाहुणे साडेबाराला. अडीच तास मांडवातली माणसं कोण धरून ठेवतं? दर दहा मिनिटांनी संयोजकाची चिठ्ठी, "साहेब निघालेत, वाढवा". मग शेर नाही म्हणायचा तर काय पाढे म्हणायचे? नंतर पुन्हा चिठ्ठी, "या नावाचाही उल्लेख करा, मांडव यांचा आहे". शेवटी सगळ्यांना शाल-श्रीफळ देऊन झालं की आमच्या हातात उरलेला नारळ. एकदा तर तोही पाहुण्यांच्या ड्रायव्हरला दिला.

अर्धविराम

लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच.

मागच्या वर्षी मी एका संमेलनाला गेले. दोन एसट्या बदलून, अडीच तास. खुलं कविसंमेलन साडेतीनला छापलं होतं, सुरू झालं पावणेसहाला. तोवर मांडववाला मागून खुर्च्या उचलायला लागला होता. माझी शेवटची गाडी सव्वासहाची. नंबर आला तेव्हा कानात सांगितलं, "ताई, दोनच मिनिटं, आणि जरा हलकंफुलकं घ्या."

माझी कविता आईच्या शेवटच्या महिन्याची होती. तीच वाचली. संपल्यावर कुणी काही बोललं नाही, खुर्च्यांचा आवाजही थांबला. असं मला आधी कधी मिळालं नव्हतं. आणि तेवढ्यात माईकवर, "वा वा वा! टाळ्या झाल्या पाहिजेत! आईवरून आठवलं..." आणि चारोळी. लोक हसले. चारोळी विनोदी होती.

निवेदक, मोफत करता म्हणून हे माफ होतं का?

तिखटमीठ

🙏 आता माझं घड्याळ ठेवून देतो.

निवेदक_१८

ताई, तो मी नसेन, अशी आशा आहे.

सडेतोड

आशा?

निवेदक_१८

वर्षाला वीस-पंचवीस कार्यक्रम होतात. आठवत नाही. उगाच छाती ठोकून 'नाही' कसं म्हणू?

पेठेतला

म्हणजे मुद्दा दर्जाचाच होता.

बाणेदार

पेठेतला, तुम्ही जरा गप्प बसता का? बाई आईबद्दल लिहितायत आणि तुम्हाला गुण मिळवायचेत.

पेठेतला

गप्प बसायला मी तुमच्या मांडवात आलेलो नाही. आणि त्या बाईंची कविता मोडली ती पेठेतल्या माणसानं नाही, तुमच्याच गावच्या हौसेनं. हे पत्रात सापडेल का?

पाणंद

बाणेदार, पेठेतला, दोघांनीही वैयक्तिक जायचं नाही. धागा माझा आहे.

अर्धविराम ताई, खुलं कविसंमेलन शेवटी ठेवण्याचं पाप आम्हीही केलंय. निमंत्रितांना आधी घेतलं नाही तर ते जेवून निघून जातात, म्हणून. भांगलणीच्या बाईंचं मी वर मोठ्या तोंडानं सांगितलं, पण त्यांचा नंबर लागला तेव्हा मांडवात तीसेक माणसं होती. हे तेव्हा लिहिलं नव्हतं.

अर्धविराम

लिहिलंत, बरं झालं. आणि संमेलनं बंद करा असं माझं म्हणणं नाहीच. चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्यानंतर त्याच संमेलनाच्या ग्रुपवरून निरोप आला, 'राज्यस्तरीय' काव्यपुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, सन्मानचिन्हाचे ११०० रुपये पाठवा. गाडीभाडं वेगळं. त्यांच्या यादीत माझी कविता कुणी वाचलीच नव्हती, फोन नंबर तेवढा होता. बंद करायचं तर हे करा.

एक_वाचक_फक्त

मलाही आला होता तो निरोप! मी एक ओळ लिहिलेली नाही. 'इतर' मध्ये निवडलं असणार.

निवेदक_१८

रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून परत आलो. ताई, तो मी असेन किंवा नसेन, त्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. खरं सांगतो. मांडवात शांतता पडली की आमची छाती धडधडते. माणसं उठतील असं वाटतं. शांतता पडली म्हणजे कविता पोचली, हे अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. टाळ्या नाहीत म्हणजे कार्यक्रम पडला, एवढंच शिकवलं. माफी मागायची सवय नाही. मागतो.

बाकी साहेब उशिरा आले तर शेर म्हणणारच. त्यावर तडजोड नाही.

अर्धविराम

शेर ज्याचा असेल त्याच्या नावावर म्हणा, पुरे.

सडेतोड

इतकं सगळं झाल्यावर मी लगेच मवाळ होईन असं कुणी समजू नये. माझी काच अजून फुटकीच आहे. पाणंद, तुमचं संमेलन चालू ठेवा, माझ्या बापाचं काय जातंय. पण एक करा. नोंदणीच्या टेबलावर गावच्या वाचनालयाचं पावतीपुस्तक ठेवा. जेवणाचं कूपन तिथूनच. वर्गणी सक्तीची नको, पण पुस्तक समोर दिसू दे माणसाला. आणि दिंडीत नेलेली पुस्तकं मोजून परत.

पाणंद

पावतीपुस्तक ठेवतो. कूपनचं मंडळाला विचारावं लागेल, गुऱ्हाळवाला चिडेल. खुलं कविसंमेलन यंदा सकाळी अकराला, उद्घाटनाच्या आधी. पाहुणे नाहीतरी साडेबाराशिवाय येत नाहीत.

तिखटमीठ

आणि त्या वेळी सूत्रसंचालन?

पाणंद

नुसती नावं पुकारायची. मीच पुकारतो.

निवेदक_१८

बघूया किती जमतंय ते.

एक_वाचक_फक्त

सडेतोड, राहून राहून विचारावंसं वाटतंय. त्या आचाऱ्यानं पहिलं पुस्तक कुठलं नेलं? पाककृतींचं?

सडेतोड

शिकारकथा. मुदत उलटून वीस दिवस झालेत. दंड लावायचाय.