बी.आर्कसाठी १५ लाखांचं कर्ज: पहिल्या पगारात हप्ता बसेल का?

कुर्टीची पालक:
मुलीची बारावी सायन्स झाली, आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा नाटाही दिली. पणजीतल्या आल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये जागा मिळाली तर प्रश्नच मिटला, फोंड्याहून कदंब बसनं ये-जा होईल. नाही मिळाली तर राज्याबाहेरचं खासगी कॉलेज. फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला ३ लाख, ५ वर्षांचे १५ लाख, सगळे कर्जाचे. बँक १० टक्के व्याज म्हणते. सुरुवातीचा पगार २५ हजार धरलाय. निभेल का?

हिशेबी:
ताई, तुम्ही १५ लाखांचा विचार करताय, पण फेडायला सुरुवात होईल तेव्हा आकडा २१ लाख झालेला असेल. अभ्यासक्रमाची ५ वर्षं आणि पुढचं १ वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. दर वर्षाच्या सुरुवातीला ३ लाख उचलले तर पहिल्या ३ लाखांवर ६ वर्षांचं व्याज, पुढच्यांवर ५ वर्षांचं, असं शेवटच्यांवर २ वर्षांचं. सरळव्याजानं बेरीज ६ लाख. २१ लाखांचा हप्ता १० वर्षांसाठी सुमारे २७,७५० आणि १५ वर्षांसाठी २२,५७०. पहिला २५ हजारांत मावतच नाही. दुसरा भरून महिन्याला अडीच हजारही हातात राहत नाहीत.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना २,५००, पाचव्या वर्षी १२,५००. मग मुद्दल १५ लाखांवर थांबतं आणि १० वर्षांचा हप्ता १९,८२० होतो. तोही जड.

हप्ता पगाराच्या एक तृतीयांशावर जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. २५ हजारांवर म्हणजे फार तर ८ हजार. तेवढ्यात १० वर्षांत सुमारे ६ लाख फिटतात. व्याज मागे ठेवणार असाल तर मूळ उचल सव्वाचार लाखांच्या आसपासच हवी.

आणि ३ लाखांत लॅपटॉप, ए-वन शीटची प्लॉटिंग (मोठ्या नकाशांची छपाई), मॉडेलचं सनबोर्ड-माउंटबोर्ड, अभ्याससहली धरल्यात का? बहुतेक घरांचा अंदाज इथेच चुकतो. संगणक आणि अभ्याससहलीचा खर्च बँकेच्या कर्जात बसू शकतो, पण अर्जाच्या वेळीच कॉलेजचं खर्चपत्रक जोडावं लागतं. नंतर वाढवून मागणं अवघड.

पर्वरीचा वाचक:
बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना बघा. वरच्या हिशेबात दर लाखामागे सरासरी ४० हजार व्याज फेडीआधीच चढतं, ते तिथे वाचतं. रहिवासाचे दाखले लागतात, ते आत्तापासून काढायला घ्या. बँकेचं कर्ज सोबत चालेल का, तेही महामंडळाकडून लेखी घ्या.

बँकेकडे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांच्या वर साधारणपणे घर-जमीन मागतात. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) काका-आत्यांची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात. प्रवेशाची तारीख निघून जाते ती इथेच.

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं. खासगी कॉलेज निवडताना ती यादी समोर ठेवा.

कुर्टीची पालक:
उतारा आजोबांच्याच नावावर आहे. बरं झालं सांगितलंत. शैक्षणिक कर्जावरची करसवलत मिळते ना?

हिशेबी:
मिळते, फक्त व्याजावर, जुनी करपद्धत घेतली तरच, आणि व्याज भरायला लागल्यापासून जास्तीत जास्त ८ वर्षं. २५ हजार पगारावर मुलीला करच लागणार नाही, म्हणजे तिला उपयोग शून्य. तुम्ही सहकर्जदार असाल, स्वतः व्याज भरत असाल आणि तुम्हाला कर बसत असेल तर तुम्हाला फायदा. शिकत असतानाच व्याज भरायला घेतलंत तर ८ वर्षांची मोजणीही तेव्हापासूनच सुरू होते.

साइटवरून:
पैशाआधी एक गोष्ट. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची त्याच वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा तपासा. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही, आणि १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. कर्ज मात्र पूर्ण फेडावं लागतं.

पगार लवकर वाढतो तो नुसत्या थ्री-डी चित्रांनी नाही. वर्किंग ड्रॉइंग (बांधकामाचे तपशीलवार नकाशे), मोजमापं-अंदाजपत्रक आणि गोव्यातलं सबमिशन येणाऱ्या मुलांना ऑफिस सोडत नाही. सबमिशन म्हणजे परवानग्यांची रांग: जमीन रूपांतराची सनद, नगरनियोजन खात्याचं टेक्निकल क्लिअरन्स, पंचायतीचा बांधकाम परवाना, किनाऱ्यालगत सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी, शेवटी ऑक्युपन्सी, म्हणजे वापराचा दाखला. प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं सत्र अशाच ऑफिसात काढावं, स्टायपेंड थोडा कमी असला तरी.

स्वतःचं ऑफिस मात्र कर्ज डोक्यावर असताना घाईनं काढू नये. ग्राहकांकडून फी टप्प्याटप्प्यानं येते, सनद अडकली की पुढचा टप्पाही अडकतो, आणि बँकेचा हप्ता त्यासाठी थांबत नाही. निदान ६ हप्ते वेगळे बाजूला पडल्याशिवाय नोकरी सोडू देऊ नका.

१५ लाखांचाच पर्याय उरला तर मी एक वर्ष थांबून गोवा कॉलेजसाठी पुन्हा नाटा द्यायला सांगेन. पगार वर्षभर उशिरा सुरू होईल, म्हणजे २५ हजारांप्रमाणे ३ लाखांचं नुकसान. वरच्या हिशेबात नुसतं चढलेलं व्याजच ६ लाख आहे.