पाइप गॅसचं बिल कोणी समजावून सांगेल का?

पर्वरीकर:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस येऊन वर्ष झालं, बिल दोन महिन्यांनी येतं पण एससीएम, व्हॅट, डिपॉझिटचा हप्ता यातलं आईला काही कळत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही. यावेळी चतुर्थीला गेलो ते महिनाभर गावच्या घरीच होतो, फ्लॅट बंद, तरी बिल नेहमीएवढंच. असं कसं?

म्हापसेकर:
घर बंद असलं की रीडिंग घेता येत नाही, मग मागच्या वापराची सरासरी धरून बिल काढतात. रीडिंगपुढे 'असेस्ड' असं काही लिहिलंय का बघा. मीटरचा फोटो पाठवा, जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात. आणि फक्त काळे आकडे धरा हं, लाल आकडे दशांशानंतरचे असतात, आमच्या शेजाऱ्यांनी तेपण धरले आणि केवढा घोळ झाला.

फोंड्याची सून:
एससीएम म्हणजे स्टँडर्ड घनमीटर. १४.२ किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता साधारण १७-१८ एससीएममध्ये मिळते, तुलना तशी करा म्हणजे महाग की स्वस्त ते समजेल. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही म्हणून गॅसवर राज्याचा व्हॅट लागतो, मीटर हलवणं असल्या कामांवर मात्र जीएसटी. डिपॉझिट कनेक्शन बंद केल्यावर परत मिळतं, पावत्या जपून ठेवा प्लीज.

पर्वरीकर:
बघितलं, 'असेस्ड'च लिहिलंय! फोटो आजच पाठवतो. सिलिंडरचा हिशेब आईला लगेच कळला, देव बरे करू तुम्हां दोघांना.