पासवर्ड फुटलाय, खरेदीच्या खात्यांचं आधी काय करू?

प्रश्न
हॅव आय बीन पोन्डवर (आपला ईमेल कुठल्या डेटा गळतीत आलाय का ते सांगणारी साइट) ईमेल तपासला, तर बिगबास्केटच्या २०२० च्या गळतीत सापडला. तोच पासवर्ड आणखी तीन खरेदीच्या साइटवर आणि जीमेललाही आहे. दोन ठिकाणी कार्ड सेव्ह आहे, एका वॉलेटमध्ये शिल्लक आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
जीमेलपासून. मेल दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर बाकीचे पासवर्ड बदलून उपयोग नाही, 'पासवर्ड विसरलात?' दाबून तो पुन्हा आत येईल. पासवर्ड बदला, अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना बघा. मग सेटिंग्जमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडा. हे हमखास राहून जातं. 'ऑर्डर' शब्द असलेले मेल परस्पर डिलीट करणारा फिल्टर कुणी लावला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो.

त्या गळतीतले पासवर्ड एसएचए-१ हॅशमध्ये, म्हणजे गणिती सूत्राने बदललेल्या रूपात होते. हा हॅश फार झटपट काढता येतो, त्यामुळे भराभर अंदाज करून, त्यांचे हॅश जुळवून साधे पासवर्ड लगेच उलगडतात. जुन्यालाच शेवटी १ चा २ करू नका, तेही आपोआप करून पाहिलं जातं. प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड, पासवर्ड मॅनेजरनेच (पासवर्ड बनवून लक्षात ठेवणारं अ‍ॅप) बनवलेला.

प्रतिसाद २
कार्डाची धास्ती थोडी कमी करा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने भारतीय साइटला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली कोड असतो. वॉलेटची शिल्लक मात्र आजच रिकामी करा किंवा वापरून टाका. चोर त्यातून गिफ्ट कार्ड घेतो, कारण गिफ्ट कार्डला डिलिव्हरीचा पत्ता लागत नाही. सेव्ह केलेले पत्ते आणि ऑर्डरची यादीही पाहा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन ऑथेंटिकेटर अ‍ॅपने (फोनवरच लॉगिनचा कोड बनवणारं अ‍ॅप) लावा. एसएमएसचा पर्याय सिम स्वॅपमुळे (चोर तुमच्या नंबरचं सिम स्वतःच्या नावावर काढून घेतो) कच्चा, पण दुसरा नसेल तर तोही लावाच.

प्रश्नकर्ता
एका साइटवर पासवर्डच नाही, फक्त ओटीपी. तिथे?

प्रतिसाद १
तिथे तुमचा नंबर हीच किल्ली. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातो. जुना नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला.

पैसे गेलेच असतील तर हे सगळं नंतर. आधी बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच. रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.