मदत हवी आहे: विल्यम रोल्स्टनच्या मेंढ्यांच्या रानाचा भाडेपट्टा कुठे शोधू?

न्यूझीलंडच्या प्रांतिक राजवटीवर लेख लिहितोय. विल्यम रोल्स्टन केंब्रिजला शिकला, 1858 मध्ये न्यूझीलंडच्या कॅंटरबरी प्रांतात आला आणि लेक कोलरिजच्या बाजूला मेंढ्या पाळू लागला. 1863 ते 65 प्रांताच्या कार्यकारिणीत, मग वेलिंग्टनला सरकारी नोकरी, आणि 1868 पासून 1876 मध्ये प्रांतच रद्द होईपर्यंत सुपरिंटेंडेंट, म्हणजे प्रांताचा निवडून आलेला प्रमुख. राजकारणाचं सगळं सापडतं, मेंढ्यांचं मात्र काहीच हाती लागत नाही!

'पेपर्स पास्ट' या न्यूझीलंडच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या साइटवर त्या काळची वर्तमानपत्रं चाळली. नुसतं आडनाव टाकलं की त्याच नावाचं गाव आणि डोंगर यांचाच ढीग येतो. वर्षांची मर्यादा घालून पाहिलं, तर भाषणं आणि निवडणुका. चरित्रकोशातली नोंद वाचली आहे, तिची लिंक नको.

मी पुण्यात असतो, त्यामुळे ख्राइस्टचर्चच्या अभिलेखागारात जाणं शक्य नाही. स्कॅनचे पैसे भरायची तयारी आहे, पण मागवताना नेमकं काय मागायचं ते कळायला हवं.

सरकारी जमिनीवरच्या अशा चराऊ पट्ट्यांची नोंद प्रांताच्या कुठल्या खात्याच्या दप्तरात असायची? आणि पट्टा दुसऱ्याच्या नावे कधी झाला, हे त्यातच कळतं की वेगळी नोंदवही बघावी लागते?