आल्ट टेक्स्टवर भागत नाही

दृष्टिहीनांना वेबसाइट वापरता यावी म्हणून फोटोंना आल्ट टेक्स्ट (चित्राचं लेखी वर्णन) दिला की काम झालं, असं म्हटलं जातं. तेवढ्यावर नाही हो भागत. माझा मावसभाऊ एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. परवा एका बँकेच्या फॉर्मवर टॅब दाबत गेला, तर प्रत्येक रकान्यावर नुसतं ‘एडिट, एडिट’. लेबलच जोडलेलं नाही! नाव कुठलं, खाते क्रमांक कुठला, सगळं अंदाजपंचे. वर कॅप्चा, तोही चित्राचा. शेवटी मलाच बोलावलं.

मराठीत आणखी एक गोची: युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टातला मजकूर स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची खिचडी करून वाचतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तर विचारूच नका, ते नुसतं चित्रच.

आणि हे उपकार नव्हेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय.