चित्रं बघून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची, पण छोटी पोरं गप्पच बसतात. काय करू?

मुंबईची_मावशी:
सुट्टीत आमच्याकडे भाचरांची गँग जमते, सहापासून चौदा वर्षांपर्यंतची. रोरीज स्टोरी क्यूब्ज आणलेत, म्हणजे नऊ फासे, प्रत्येकाच्या सहाही बाजूंना चित्रं, फासे टाकायचे नि जे येईल त्यावरून गोष्ट पुढे न्यायची. पण मोठा भाचा एकदा सुरू झाला की थांबतच नाही, राजा मेला राक्षस मेला गोष्ट खलास, आणि छोटीची पाळी येईपर्यंत ती उठून गेलेली असते. चित्रं मात्र झकास काढते ती. कुणी खेळवलंय का असं?

खडूफळा:
मग तिच्या चित्रांचेच पत्ते करा की! जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांनी दोन-दोन चित्रं काढायची, सगळी पालथी घालून पिसायची. एक पत्ता उचलायचा, दोनच वाक्यं बोलायची आणि "तेवढ्यात..." म्हणून थांबायचंच. आणि एक नियम अजिबात सोडू नका, ज्याने चित्र काढलंय त्याने ते कशाचं आहे हे सांगायचं नाही. माझ्या वर्गात एकाने छत्री काढली, दांडा जरा वाकडा आला, पुढच्या मुलीने ते वटवाघूळ ठरवलं आणि तिसरा म्हणाला ते आजोबांच्या छत्रीला आपली हरवलेली बहीण समजून तिच्यामागे फिरतंय. छत्री म्हणून सांगितलं असतं तर पाऊस पडून गोष्ट संपली असती.

पटावरची_सोंगटी:
+१. मोठ्या भाच्यासाठी डिक्सिट बघा, २००८ चा फ्रेंच खेळ आहे, २०१० ला जर्मनीत श्पील देस यारेस, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार, मिळाला त्याला. ८४ पत्ते, सगळी स्वप्नातल्यासारखी चित्रं. आपल्या पत्त्यावर एखादा शब्द किंवा ओळ बोलायची, बाकीचे आपापल्या हातातला जुळणारा पत्ता देतात आणि मग तुमचा कोणता ते ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं तरी तुम्हाला शून्य, कुणीच नाही ओळखलं तरी शून्य! त्यामुळे सगळं बोलून टाकणाऱ्याला आपोआप आवरतं घ्यावं लागतं. पण तो स्पर्धेचा खेळ आहे, गोष्ट मिळून रचायची तर गुण बाजूला ठेवून नुसते पत्ते वापरा.

कुडाळकर:
आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावची चित्रकथी बघितली का कुणी? ठाकर समाजाची कला, रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरून वीणा, टाळ आणि हुडुक नावाच्या छोट्या चर्मवाद्याच्या साथीने कथा सांगतात. परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली ती याच कलेच्या कामासाठी. तिथे कथा ठरलेली असते, तुमच्यासारखी सुचेल तशी नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे, समोरच्या चित्राचं सांगून झाल्याशिवाय पुढचं येत नाही. मोठ्याला पत्ते दाखवायचं काम द्या, पुढचा पत्ता कधी काढायचा ते त्याने ठरवायचं, पण त्या फेरीत त्याने बोलायचं नाही.

मुंबईची_मावशी:
हे भारीये, त्याला अधिकारही मिळाला आणि छोटीला वेळही!! पत्रिकांचा गठ्ठा काढलाय. फासे मग बाजूलाच ठेवू का?

खडूफळा:
नको, जवळ असू द्या. कुणी अडलं तरच एक टाकायचा. आणि छोटीला पहिला पत्ता द्या, मोठ्यांच्या गोष्टीत मधेच शिरण्यापेक्षा सुरुवात करणं तिला सोपं जाईल.